तिकीट राहिले, पाकीट गेले



टपालाची तिकिटे जमविण्याच्या छंदाला 'छंदांचा राजा' म्हणतात. हा छंद कसा करावा हे मुलांना शिकविणाऱ्या छोट्या छोट्या पुस्तिका एके काळी पुष्कळ निघत. आज तिकिटे जमविणारे थोडे उरले आहेत, आणि त्या पुस्तिका जमविणारे तर त्याहूनही थोडे. त्या थोड्यांपैकी मी एक. रद्दीच्या दुकानातून, जुन्या बाजारातून, शाळांनी बाद केलेल्या पुस्तकांच्या ढिगातून अशा पुस्तिका मी गेली कित्येक वर्षे गोळा करीत आलो आहे. तिकिटे सोडून पुस्तिका कशाला, असे लोक विचारतात. त्याचे उत्तर द्यायचे तर प्रथम माझ्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल.

दादांची पेटी

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, दौंडला रेल्वेत नोकरीला होते. घर शिरूरला. सुट्टी मिळेल तेव्हा ते येत. एरवी त्यांचे पत्र येई. काही पत्रे उर्दूत, काही मराठीत. लिहून देणारा जसा भेटे तशी भाषा. दादांच्या पश्चात दादीने ही सारी पत्रे पाकिटांसकट एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती.

१९७२ च्या दुष्काळाच्या साली मी सातवीत होतो. त्या वर्षी तिकीटसंग्रहावरची एक इंग्रजी पुस्तिका माझ्या हाती लागली. इंग्रजीचे माझे ते तिसरेच वर्ष. मजकूर फारसा कळत नव्हता. पण चित्रे स्पष्ट होती. पाकिटाचा तिकीट असलेला कोपरा कापा, कोमट पाण्यात ठेवा, तिकीट सुटले की टीपकागदावर वाळवा, चिमट्याने उचला आणि वहीत लावा. दादी माहेरी गेली होती. घरात पिण्याचे पाणी मोजून वापरत होतो, तरी मी एक पातेले पाणी त्या कामाला लावले. पत्रे काढून पेटीत परत ठेवली, तिकिटे वहीत लावली आणि कापलेली पाकिटे चुलीत घातली.

दादीला वाचता येत नव्हते. कोणते पत्र कोणत्या वेळचे, हे ती पाकिटावरून ओळखी. एकाचा रंग, दुसऱ्यावरचा तेलाचा डाग, तिसऱ्यावरचा शाईचा शिक्का, ही तिची वाचनाची खूण होती. आता तिच्यापुढे नुसत्या घड्या घातलेल्या कागदांचा गठ्ठा उरला. ती मला रागावली नाही. पण त्यानंतर तिने ती पेटी क्वचितच उघडली.

माझ्या वहीतली ती तिकिटे आज माझ्याकडे आहेत. बाजारात त्यांना फारशी किंमत नाही, कारण तशी तिकिटे लाखांनी छापली गेली होती. तशी पाकिटे मात्र जगात दुसरी नव्हती. असे कसे झाले, पुस्तिकेनेच मला चुकीचे शिकविले की काय, हे शोधता शोधता मी पुस्तिकाच जमवू लागलो.

अर्ध्या आण्याची करामत

आता थोडे इतिहासाकडे वळू. १८४० च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये 'पेनी ब्लॅक' हे जगातले पहिले चिकटविण्याचे टपाल तिकीट निघाले. रोलंड हिल यांची ती योजना. त्याआधी टपालाचा आकार अंतराप्रमाणे वाढे आणि पुष्कळदा तो पत्र घेणाऱ्याला भरावा लागे.

आशिया खंडातली पहिली तिकिटे १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात निघाली. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. म्हणजे शिरूर आणि दौंड ज्या इलाख्यात होते त्याच इलाख्यात. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी काढलेल्या अर्ध्या आण्याच्या या गोल तिकिटांना 'सिंध डाक' म्हणतात. हेच फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले.

१ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व देशासाठी एकच तिकीट आणि वजनाप्रमाणे एकच दर सुरू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. ही तिकिटे कलकत्त्यात शिळाछापाने छापली होती. पुढे ती लंडनहून छापून येऊ लागली आणि १९२६ पासून आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापली जाऊ लागली. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली आले आणि टपालाची मनीऑर्डर १८८० साली. परगावी चाकरी करणाऱ्या गरीब माणसाला या दोन गोष्टींनी घराशी बांधून ठेवले.

याच काळात रेल्वे आली. १८५८ साली लोहमार्ग पुण्याहून निघून दौंड ओलांडून डिकसळपर्यंत गेला. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वेने टपालाचा सारा व्यवहारच बदलला. धावत्या गाडीत पत्रांची वर्गवारी करण्याची पद्धत आपल्या देशात १८६३ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झाली. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही इंग्रजांची जुनी लष्करी छावणी. पण तेथे रेल्वे आली नाही. पुणे-अहमदनगर रस्ता हाच शिरूरचा आधार. अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, म्हणजे जुन्या नावाचे टपालाचे शिक्केही आता इतिहासजमा होतील.

आता एक प्रश्न पाहा. दादांनी दौंडला टाकलेले पत्र शिरूरला कोणत्या वाटेने येत असेल? आगगाडीने पुण्याला जाऊन तेथून नगर रस्त्याने? की आगगाडीने अहमदनगरला जाऊन तेथून उलटे? की थेट आडवाटेने? दोन्ही तालुके एकमेकांना लागून आहेत, तरी पत्राला मोठा वळसा पडत असणे शक्य आहे. याचे उत्तर पाकिटांच्या पाठीवर असते, कारण वाटेतल्या आणि पोहोचलेल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के तेथे मारीत असत. आमच्या घरी अशा पाकिटांची पेटी भरली होती. ती मी जाळली.

एक पाकीट तेवढे वाचले. का वाचले? त्याचे तिकीट आधीच निघून पडले होते, म्हणून मी त्याला हात लावला नाही. त्याच्या दर्शनी बाजूला दौंडचा अर्धाच शिक्का आहे, उरलेला अर्धा तिकिटाबरोबर गेला. इंग्रजी स्पेलिंग जुने, ज्याचा उच्चार 'धोंड' असा होईल. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्येही दौंडला 'धोंड' आणि शिरूरला 'सिरूर' असेच लिहिले आहे. पाकिटाच्या पाठीवर शिरूरला पोहोचल्याचा शिक्का आहे. वाटेतला एकही नाही. एका पाकिटावरून वाट सांगता येत नाही.

पुस्तिका काय शिकवीत

तिकिटे जमविण्याचे वेड पेनी ब्लॅकच्या मागोमाग सुरू झाले. इंग्लंडच्या स्टॅनले गिबन्स यांची पहिली दरसूची १८६५ साली निघाली. आपल्या देशात १८९७ साली फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे नियतकालिकही निघू लागले. हा सारा व्यवहार प्रौढांचा आणि बहुतांशी साहेबांचा होता. मुलांसाठी पुस्तिका निघाल्या त्या पुढे. अमेरिकेत बालवीरांसाठी १९३० नंतरच्या दशकात तिकीटसंग्रहाचे पदक सुरू झाले आणि त्यासाठी पुस्तिका निघाली. इंग्लंडमध्ये लेडीबर्ड या मुलांच्या प्रकाशनाने १९६९ साली तिकीटसंग्रहावर रंगीत पुस्तक काढले. आपल्याकडे टपाल खात्याने, तिकिटांच्या व्यापाऱ्यांनी आणि छंद-मंडळांनी अशी लहान प्रकाशने काढली.

या पुस्तिका एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या की त्यांचा साचा ध्यानात येतो. आरंभी पेनी ब्लॅकची गोष्ट. मग साहित्य: चिमटा, भिंग, हिंज नावाची चिकटपट्टी, दाते मोजण्याची पट्टी. मग जलचिन्ह पाहण्याची रीत. मग तिकीट सोडविण्याची रीत, चित्रांसह. आणि शेवटी देशांच्या नावांची यादी, म्हणजे 'हेल्वेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'मग्यार' म्हणजे हंगेरी. या यादीवरून भूगोल शिकलेली मुले मी पाहिली आहेत.

या शिकवणुकीला एक कारण होते. तिकिटांच्या छापील वह्यांत प्रत्येक तिकिटासाठी चौकोन आखलेला असे. चौकोनात तिकीट मावे; पाकीट कसे मावणार? वहीच्या चौकोनाने छंदाची दिशा ठरविली आणि जगभरच्या घरांतून पाकिटे कापली गेली.

पुढे काही वर्षांनी मला माझ्या त्या पहिल्या पुस्तिकेची दुसरी प्रत रद्दीत मिळाली. आता मला इंग्रजी वाचता येत होते. दोषारोप करण्याच्या तयारीने मी ती वाचायला घेतली. शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक परिच्छेद होता. त्याचा आशय असा, की जुन्या पत्रांवरची तिकिटे कापू नका, पाकीट आहे तसे ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मित्रहो, इशारा होता. मी चित्रे पाहिली, मजकूर सोडला. परक्या भाषेतला तो मजकूर मला वाचून दाखवील असे घरात कोणी नव्हते, आणि मीही शाळेत कोणाला विचारले नाही. दोष पुस्तिकेला देता येईना.

शिक्क्यांचा अभ्यास

टपालाच्या शिक्क्यांकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहायला आपल्याकडे ज्यांनी शिकविले त्यांत मुंबईचे जाल कूपर यांचे नाव घ्यावे लागते. 'इंडियाज स्टॅम्प जर्नल' या मासिकाचे ते संपादक. १९४८ साली त्यांचे 'अर्ली इंडियन कॅन्सलेशन्स' हे पुस्तक निघाले. जुन्या तिकिटांवर जे गोल, चौकोनी, आकड्यांचे आणि रेघांचे शिक्के दिसतात, ज्यांना 'तिकीट खराब करणारी शाई' समजत, त्यांची त्यात पद्धतशीर ओळख आहे. शिक्का पाहून तिकीट कोठे आणि कोणत्या काळात वापरले गेले हे कळते. आज जगभरचे अभ्यासक जुने पाकीट कापीत नाहीत. टपालाचा इतिहास ही छंदाची स्वतंत्र शाखाच झाली आहे.

म्हणजे शिकवणूक बदलली. ती कशी बदलली हे फक्त जुन्या पुस्तिका सांगतात. नव्या पुस्तकात जुनी चूक छापलेली नसते.

चार पानी शाळा

टपाल खात्याने काढलेल्या माहितीपत्रकांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. नवे स्मारक तिकीट निघाले की त्याबरोबर एक माहितीपत्रक निघते. त्यात ज्या व्यक्तीचे वा घटनेचे तिकीट असेल तिची माहिती असते. शिवाय प्रकाशनाची तारीख, किंमत, आकार, दात्यांचे माप, छपाईची पद्धत, छापखाना आणि छापलेल्या तिकिटांची संख्या. पुष्कळ संग्राहक तिकीट ठेवतात आणि हा कागद टाकून देतात. माझ्या मते विद्यार्थ्याने उलट करावे. तिकीट महाग असेल तर सोडावे. कागद सोडू नये.

काही उदाहरणे देतो. १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींची चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापली होती आणि त्यांवर 'बापू' हा शब्द नागरी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत अजिंठा आणि सांची आहे, तसाच सहा आण्यांच्या तिकिटावर विजापूरचा गोलघुमट, पाच रुपयांवर ताजमहाल आणि दहा रुपयांवर कुतुबमिनार आहे. १ ऑक्टोबर १९५२ च्या संतकवी मालिकेत कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर एका ओळीत बसले आहेत. गालिबांचे तिकीट साडेचार आण्यांचे. आपल्या पुण्यात स्त्रीशिक्षणासाठी झिजलेले महर्षी कर्वे यांचे तिकीट १९५८ साली, ते हयात असताना निघाले. महात्मा फुले यांचे १९७७ साली आणि सावित्रीबाईंचे १९९८ साली. सर सय्यद अहमद खान यांचे तिकीट १९७३ चे.

१९६९ साली निघालेले रफी अहमद किडवाई यांचे तिकीट मला विशेष वाटते. किडवाई साहेब स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री. त्यांच्या काळात १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने रात्री निघत, आपल्या नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत परत जात. त्यांच्या तिकिटावर त्यांच्या चित्रासोबत टपालाचे विमान आहे. ही गोष्ट ठाऊक नसेल तर ते विमान नुसती शोभा वाटेल.

१९५४ साली टपाल तिकिटांची शताब्दी झाली. त्या निमित्ताने मुल्कराज आनंद यांनी भारतीय टपाल खात्याची कहाणी इंग्रजीत लिहिली, तीही खात्यानेच काढली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. ती योजना संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर या महाराष्ट्राच्या सुपुत्राची. सहा आकड्यांपैकी पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन टपाल कचेरी. शिरूरचा पिन ४१२२१०, दौंडचा ४१३८०१. पुणे जिल्हा एकच, तालुके शेजारचे, तरी तिसरा आकडा वेगळा. टपालाचा नकाशा आणि महसुलाचा नकाशा एक नसतो, हे या एका आकड्यावरून मुलांना शिकविता येईल.

कसे जपावे

ज्यांना जुन्या पुस्तिका आणि पाकिटे जमवायची असतील त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पुस्तिकेला गंजलेली टाचणी असेल तर ती हळूच काढून पांढऱ्या दोऱ्याने शिवावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. लोखंडी पेटीत ठेवायचे असेल तर खाली वर कोरा कागद घालावा आणि पावसाळा संपला की सावलीत वारा द्यावा, उन्हात नव्हे. कसर आणि ओल हे दोन मोठे शत्रू. पुस्तिकेवर पूर्वीच्या मालकाचे नाव, शाळेचा शिक्का किंवा मुलाने केलेल्या खुणा असतील तर पुसू नयेत. ती पुस्तिका कोणाच्या हातून गेली हे त्यांवरून कळते. आणि वस्तू कोठे, केव्हा मिळाली हे वेगळ्या वहीत लिहून ठेवावे.

पाकिटाबाबत नियम एकच. कापू नये. पत्रासह पाकीट असेल तर दोन्ही एकत्र ठेवावीत.

पालकांना विनंती

आपल्या दोन्ही तालुक्यांत रेल्वे, लष्कर, शेती आणि व्यापार यांत पिढ्या घालविलेली घरे आहेत. अलीकडच्या काळात आखाती देशांतून आलेली पत्रेही अनेक घरांत असतील. आज निरोप मोबाइलवर येतात आणि मोबाइल बदलला की जातात. या घरांचा इतिहास कोणत्या पुस्तकात छापलेला नाही. तो पेट्यांत आणि फळ्यांवर आहे. घर रंगविताना, वाटण्या होताना, वडीलधारे माणूस गेल्यावर जो कागद बाहेर टाकला जातो तो टाकण्यापूर्वी एकदा पाहावा, आणि मुलांना सोबत घेऊन पाहावा.

विद्यार्थ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. टपाल खात्याने २०१७ साली दीनदयाल स्पर्श नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. वर्षाला ६,००० रुपये आणि देशभरात ९२० शिष्यवृत्त्या अशी तिची रचना ठरली. शाळेत तिकीटसंग्रह मंडळ असावे किंवा विद्यार्थ्याचे टपाल खात्यात तिकीटसंग्रहाचे खाते असावे, चांगले गुण असावेत, प्रश्नमंजूषा द्यावी आणि एक प्रकल्प करावा, अशा अटी आहेत. या वर्षीच्या तारखा जवळच्या मुख्य टपाल कचेरीत विचाराव्यात. प्रकल्पासाठी विषय शोधायला लांब जाण्याची गरज नाही. 'दौंडहून शिरूरला पत्र कोणत्या वाटेने येई' हा माझ्याकडून राहून गेलेला प्रश्न आहे. तुमच्या घरातल्या पाच-दहा पाकिटांच्या पाठी पाहून तो कदाचित सुटेल.

तो सुटला तर त्यावर एक छोटी पुस्तिका करा. मराठीत करा, उर्दूत करा, आणि 'पाकीट कापू नका' हे वाक्य शेवटच्या पानावर बारीक टाइपात न छापता पहिल्या पानावर मोठे छापा. सातवीतल्या मुलाला ते वाचता आले पाहिजे. आणि ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथे त्याने आपल्या दादीला ते वाचून दाखविले पाहिजे.